जीवघेण्या पकडीची किंमत कोणाच्या खात्यावर?

२४ मार्च २०१४ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात रग्बी लीगचा एक सामना चालू होता. मध्यंतराला थोडाच अवकाश उरला असताना न्यूकॅसल नाईट्स संघाचा बावीस वर्षांचा खेळाडू अ‍ॅलेक्स मॅकिनन चेंडू छातीशी धरून प्रतिपक्षाच्या फळीत घुसला. मेलबर्न स्टॉर्म संघाच्या तिघांनी त्याला धरले. त्या झटापटीत त्याचे पाय जमिनीवरून सुटले, शरीर हवेत उलटे झाले आणि तो मानेवर कोसळला. मानेचा चौथा आणि पाचवा मणका मोडला. त्या क्षणापासून त्याचे आयुष्य चाकांच्या खुर्चीशी बांधले गेले.

लगोलग चौकशी झाली. तिघांपैकी एकाला दोषी ठरवून सात सामन्यांसाठी निलंबित करण्यात आले. पडताना मॅकिननने डोके आत घेतले नसते तर इजा इतकी गंभीर झाली नसती, असा युक्तिवाद बचावपक्षातर्फे करण्यात आला होता. स्पर्धा चालविणाऱ्या नॅशनल रग्बी लीग या संस्थेने जखमी खेळाडूला तहहयात नोकरीचे आश्वासन दिले. त्या दिवशीचा सामना मेलबर्नने जिंकला होता; विजयाचे दोन गुण त्या संघाच्या नावावर कायम राहिले.

सात सामने ही शिक्षा पुरेशी होती की जास्त होती, यावर तिकडच्या वृत्तपत्रांत पुष्कळ शाई खर्च झाली. वस्तुतः खरा प्रश्न शिक्षेच्या मोजमापाचा नव्हताच. ज्या पकडीचा लाभ संघाला मिळतो, तिची हानी मात्र एका खेळाडूच्या मणक्याने आणि दुसऱ्याच्या निलंबनाने भरून काढायची, ही वाटणी कोणी ठरविली, हा तो प्रश्न होय. धोकादायक पकडींवर बंदी घालण्याचे गेल्या दहा-पंधरा वर्षांतील सारे प्रयत्न अर्धवट का ठरले, याचे उत्तरही या वाटणीतच दडलेले आहे.

पकडीमागचा हिशेब

रग्बी म्हटले की आपल्याकडे बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावरील खेळ डोळ्यांसमोर येतो. तो रग्बी युनियन. रग्बी लीग ही त्याची धाकटी, पण स्वतंत्र संसार थाटलेली भावंड. इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर आणि लँकेशायर, ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड, न्यूझीलंड आणि पापुआ न्यू गिनी हा तिचा मुलूख. प्रत्येक बाजूला तेरा खेळाडू असतात. चेंडू नेणाऱ्याला प्रतिपक्षाने धरून पाडले की खेळ क्षणभर थांबतो. पडलेला खेळाडू उठून उभा राहतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सारतो आणि पुन्हा चढाई सुरू होते. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्या बाजूकडे जातो. या पकडीलाच टॅकल म्हणतात आणि ऐंशी मिनिटांच्या सामन्यात असे शेकडो टॅकल होतात.

कबड्डी पाहणाऱ्याला हे समजण्यास अवघड नाही. एकट्या चढाईपटूवर तिघे-चौघे तुटून पडतात, हे दृश्य परिचयाचेच आहे. कबड्डीनेही चढाईपटूचे तोंड दाबून त्याचा दम तोडणे आणि पायांची कैची घालणे नियमबाह्य ठरविले आहे. म्हणजे पकडीच्या खेळात काही पकडी निषिद्ध असाव्यात, या विचारात जगावेगळे असे काही नाही.

रग्बी लीगमधील गुंतागुंत निराळी आहे. पकड झाल्यावर बचाव करणाऱ्या फळीला दहा मीटर मागे सरावे लागते. पडलेला खेळाडू झटकन उठला, तर ती फळी सावरण्यापूर्वीच पुढची चढाई अंगावर येते. तो उठण्यास विलंब लागला, तर फळी नीट उभी राहते. हा फरक सेकंदांचा असतो. पण सामन्याचा निकाल पुष्कळदा या सेकंदांच्या बेरजेवर ठरतो. साहजिकच पडलेल्या माणसाला अधिक काळ जमिनीवर खिळवून ठेवणे, हे एक विकत घेण्याजोगे कौशल्य बनले. या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील क्लबांनी कुस्ती आणि जुजुत्सूचे प्रशिक्षक पगारावर ठेवले, ते याच कारणासाठी. उभ्या माणसाला छातीच्या वर दोघांनी मिठी मारली की त्याचे हात बांधले जातात, चेंडू साथीदाराकडे देता येत नाही आणि त्याला हवे तसे वळवून सावकाश खाली नेता येते. तिसरा साथीदार मग पायांकडून येतो.

या उद्योगातून पकडींची एक वंशावळच तयार झाली. मानेभोवती आणि जबड्याभोवती हात आवळणारी ‘ग्रॅपल’. हात पाठीमागे पिरगाळणारी ‘चिकन विंग’. पुढे वाकलेल्या माणसाच्या मानेवर छातीचा भार टाकणारी ‘क्रशर’. दोघांनी उभ्या धरलेल्या माणसाच्या गुडघ्यांवर तिसऱ्याने झेपावण्याची ‘कॅननबॉल’. आणि अलीकडची ‘हिप ड्रॉप’, जीत पकडणारा आपल्या कंबरेचा सारा भार प्रतिस्पर्ध्याच्या पोटरीवर किंवा घोट्यावर सोडतो. प्रत्येक नावामागे कोणाची तरी मान, कोणाचा तरी गुडघा किंवा घोटा उभा आहे. या पकडी कोणा एका दुष्ट माणसाच्या डोक्यातून निघालेल्या नाहीत. एक बंद झाली की दुसरी आली, कारण ज्या सेकंदांसाठी त्या जन्मल्या त्यांचे मोल कमी झाले नाही.

बंदी आणि पळवाट

बंदीचा सर्वांत ठळक निर्णय २०१२ च्या अखेरीस झाला. हात न पसरता, खांदा पुढे करून धावत्या माणसावर आदळण्याच्या ‘शोल्डर चार्ज’ या प्रकारावर ऑस्ट्रेलियाच्या नियामक आयोगाने २०१३ च्या हंगामापासून बंदी घातली. त्यासाठी करविलेल्या पाहणीत असे आढळले होते की, असे आघात एकूण टॅकल्सच्या मानाने नगण्य, म्हणजे दोन हजारांत एखादा एवढेच होते. परंतु त्यांतून बसणारा धक्का नेहमीच्या समोरासमोरच्या टॅकलपेक्षा सुमारे पाऊणपट अधिक होता. प्रेक्षकांना मात्र नेमका तोच धक्का हवा होता. खेळाचा प्राणच काढून घेतला, अशी ओरड झाली. खेळाडूंनीही नाराजी लपविली नाही.

या ‘प्राणा’विषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण बंदीच्या प्रत्येक प्रस्तावावर हा आक्षेप ठरलेलाच असतो. रग्बी लीगने आपले नियम जितक्या वेळा आणि जितक्या मोकळेपणाने बदलले, तितके फार थोड्या खेळांनी बदलले असतील. पंधरांचे तेरा खेळाडू झाले ते १९०६ मध्ये. अमर्याद पकडींऐवजी चार पकडींची मर्यादा १९६० च्या दशकात आली आणि पुढे तिची सहा झाली. पाच मीटरांचे दहा मीटर झाले. यांतील बहुतेक बदल प्रेक्षक टिकावे आणि तिकिटे खपावी म्हणून झाले. त्या वेळी प्राण गेल्याची तक्रार झाली नाही. जून २०१३ मध्ये न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड यांच्यातील मानाच्या सामन्यात एका कर्णधाराने प्रतिस्पर्ध्याला ठोसे लगावले, तेव्हा ठोसा मारणाऱ्याला दहा मिनिटे मैदानाबाहेर पाठविण्याचा दंडक लीगने घातला. तोही खेळाच्या मर्दानीपणावर घाला म्हणून हिणविला गेला. पुढच्या वर्षांत ठोसेबाजी जवळजवळ दिसेनाशी झाली आणि त्या सामन्यांची गर्दी काही ओसरली नाही.

खांद्याच्या आघाताची कथा मात्र इतकी सरळ नाही. बंदीनंतर दोन वर्षांनी, जून २०१५ मध्ये, क्वीन्सलँडच्या राज्यस्तरीय स्पर्धेत जेम्स अ‍ॅकरमन हा पंचवीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप असलेला खेळाडू अशाच आघातानंतर मरण पावला. नियम होता, निषेध होता, शिक्षाही झाली. पण सरावाने अंगात मुरलेली हालचाल केवळ नियमपुस्तकातील एका वाक्याने जात नाही, हे त्या मृत्यूने दाखविले. त्यानंतरही डोक्याला आणि मानेला होणारा स्पर्श थांबेना. अखेरीस मे २०२१ मध्ये लीगने ब्रिस्बेनच्या एका फेरीत एकाएकी कठोर अंमलबजावणी आरंभली. त्या आठ सामन्यांत चौदा खेळाडूंना दहा-दहा मिनिटांसाठी आणि तिघांना कायमचे मैदान सोडावे लागले. प्रेक्षक संतापले, समालोचकांनी खेळाचे हसे झाल्याचे म्हटले. काही आठवड्यांत पंचांचा हात पुन्हा सैल पडला.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, लीगने सौम्य अपराधांसाठी निलंबनाऐवजी दंडाची पद्धत स्वीकारली. पहिल्या खेपेस हजार-दीड हजार डॉलर भरले की खेळाडू पुढच्या सामन्यास मोकळा. युक्तिवाद असा की, चाहते चांगले खेळाडू पाहण्यासाठी पैसे मोजतात, त्यांना क्षुल्लक कारणासाठी बाहेर बसविणे बरे नव्हे.

येथे हैफा शहरातील पाळणाघरांचे उदाहरण आठवते. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमधील त्या शहरात केलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आणि दंड मागे घेतल्यावरही तो पूर्वपदावर आला नाही. तोवर पालकांना उशिराचा संकोच वाटत असे. दंड लागताच उशीर ही पैसे देऊन घेण्याची एक सेवा झाली. दंडाचे रूपांतर किमतीत झाले. ज्या खेळाडूचे वार्षिक उत्पन्न लाखो डॉलरांच्या घरात आहे, त्याला हजार डॉलरांचा दंड म्हणजे निषेध नव्हे. ती केवळ पावती आहे.

हे अनुमान केवळ पुस्तकी नाही, याचा दाखला रग्बी लीगच्याच मैदानावर मिळाला. साथीमुळे थांबलेला हंगाम मे २०२० च्या अखेरीस पुन्हा सुरू झाला, तेव्हा पकडीत वेळकाढूपणा करणाऱ्या संघाविरुद्ध सरळ दंडाची किक देण्याऐवजी चढाई करणाऱ्या संघाला पुन्हा सहा पकडींचा हप्ता द्यावा, असा नियम आला. कल्पना उत्तम होती. वेळकाढूपणाचा तोटा ताबडतोब आणि संघालाच व्हावा, असा तिचा हेतू होता. परंतु प्रशिक्षकांनी आकडेमोड केली. प्रतिपक्ष स्वतःच्या गोलाजवळ अडकलेला असताना, पहिल्याच पकडीत मुद्दाम नियमभंग केला तर जास्तीची मिळते ती एखादीच पकड. उलट आपली फळी नीट उभी राहते. सौदा फायद्याचा होता. नियमभंग ही चाल बनली. शेवटी २०२२ मध्ये लीगला नियम दुरुस्त करून, त्या भागात घडणाऱ्या अपराधाला पुन्हा पूर्ण दंड लावावा लागला. किंमत वाढताच ती चाल महाग झाली. क्लब भावनेने वागत नाहीत, हिशेबाने वागतात, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणत्या प्रयोगशाळेत मिळणार?

बुडालेल्या मजुरीचा खेळ

या हिशेबात खेळाडूच्या शरीराची किंमत का धरली जात नाही, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. रग्बी लीगचा जन्मच मुळी अशा एका किमतीच्या वादातून झाला आहे. २९ ऑगस्ट १८९५ रोजी इंग्लंडच्या हडर्सफील्ड गावातील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील रग्बी क्लबांचे प्रतिनिधी जमले. त्यांचे खेळाडू खाणींत आणि गिरण्यांत राबणारे. शनिवारी सामन्यासाठी कामावर खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडे. ती क्लबने भरून द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. लंडनच्या सधन मंडळींना त्यात हौशी खेळाची विटंबना दिसली. तेव्हा उत्तरेच्या क्लबांनी फारकत घेतली आणि खाड्याच्या भरपाईचा दर दिवसाला सहा शिलिंग असा ठरविला.

ऑस्ट्रेलियातही तेच घडले. फरक इतकाच की तेथे निमित्त थेट दुखापतीचे होते. १९०७ मध्ये सिडनीचा अ‍ॅलेक बर्डन हा खेळाडू खेळताना जखमी झाला, त्याला कामावर जाता येईना आणि युनियनच्या अधिकाऱ्यांनी बुडालेल्या मजुरीबद्दल हात झटकले. त्या असंतोषातून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिडनीत वेगळ्या रग्बी लीगची स्थापना झाली. जखमी कामकऱ्याने उपाशी राहू नये, या मागणीवर हा खेळ उभा आहे.

तो काळही लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या गिरण्यांतून हे खेळाडू आले तेथे १८३७ पासून इंग्रजी न्यायालयांनी एक अजब तत्त्व मानले होते: सहकाऱ्याच्या चुकीने कामगार जायबंदी झाला, तर मालक जबाबदार नाही, काम पत्करतानाच त्याने तो धोका पत्करलेला असतो. १८८० च्या कायद्याने त्या तत्त्वाला थोडी मुरड घातली. हडर्सफील्डच्या बैठकीनंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, ब्रिटनचा कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि दोष कोणाचा हे न पाहता मालकाने भरपाई द्यावी, हे सूत्र काही उद्योगांपुरते का होईना प्रस्थापित झाले. आपल्याकडे तसा कायदा १९२३ मध्ये आला. मालकांनी त्या वेळी काय म्हटले असेल, हे आज रग्बीच्या चर्चेत जवळजवळ शब्दशः ऐकू येते: जाणत्या माणसाने आपखुशीने धोका पत्करला आहे, त्याचा मोबदला त्याला वेतनात मिळतच आहे.

अर्थशास्त्रात हा युक्तिवाद प्रतिष्ठित आहे. अप्रिय आणि धोक्याच्या कामाला अधिक वेतन मिळते, हे अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच मांडले होते. स्मिथचा हवाला देणारे मात्र त्याच प्रकरणातील पुढची पाने उलटत नाहीत. धंदा निवडण्याच्या वयातच माणूस धोक्याची सर्वांत कमी आणि यशाची सर्वांत जास्त कल्पना करतो, असेही त्याने तेथेच नोंदविले आहे. अठरा-वीस वर्षांचा पोरगा करारावर सही करतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पन्नाशीतला स्मृतिभ्रंश नसतो. जो धोका पत्करणाऱ्याला दिसतच नाही त्याचे मोल त्याच्या वेतनात कसे उतरेल?

त्या धोक्याचे स्वरूप गेल्या काही वर्षांत अधिक स्पष्ट झाले आहे. २०१९ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी रग्बी लीगच्या दोन माजी खेळाडूंच्या मेंदूत, वारंवारच्या आघातांमुळे होणाऱ्या विशिष्ट झिजेच्या रोगाचे निदान प्रसिद्ध केले. या खेळातील ही पहिलीच नोंद. त्यांपैकी एक स्टीव्ह फोक्स, कँटरबरी संघाचे माजी खेळाडू आणि प्रशिक्षक. २०१८ मध्ये एकोणसाठाव्या वर्षी निधन पावलेले. २०२२ मध्ये एकोणपन्नासाव्या वर्षी मृत्यू पावलेले पॉल ग्रीन, ज्यांच्या मार्गदर्शनाखाली नॉर्थ क्वीन्सलँडने २०१५ चे अजिंक्यपद मिळविले होते, त्यांच्या मेंदूतही तोच रोग आढळला. इंग्लंडमध्ये बॉबी गोल्डिंग आणि इतर काही माजी खेळाडूंनी आपल्याला अकाली स्मृतिभ्रंश जडल्याचे सांगून २०२१ मध्ये तेथील नियामक संस्थेविरुद्ध दाव्याचे पाऊल उचलले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. हा रोग केवळ बेकायदेशीर पकडींचे फळ नव्हे. कारकिर्दीतील हजारो नियमशुद्ध आदळआपटींचाही त्यात वाटा आहे, आणि कोणत्याही बंदीने तो शून्यावर येणार नाही. पकडीची उंची कमी करणे हाही रामबाण उपाय नव्हे. रग्बी युनियनने इंग्लंडमध्ये २०१८-१९ च्या एका स्पर्धेत पकड काखेच्या खाली आणण्याचा प्रयोग केला, तो जानेवारी २०१९ मध्ये मधेच थांबवावा लागला. कारण मेंदूला धक्का बसण्याचे प्रमाण घटण्याऐवजी वाढलेले दिसले. चेंडूधारकही वाकतो, पकडणाराही वाकतो आणि डोके डोक्यावर आदळते. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या रग्बी लीगने काखेखालच्या पकडीची शिफारस स्वीकारली. ती बरोबर ठरेल की नाही, हे सरावाच्या पद्धती बदलतात की नाही यावर अवलंबून आहे. आणि सरावाच्या पद्धती क्लबाच्या हातात असतात, खेळाडूच्या नव्हे.

म्हणूनच न्यायालयांनी या प्रश्नाकडे ज्या दृष्टीने पाहिले ती अधिक समंजस वाटते. १९८५ मध्ये क्रोनुला संघाचे स्टीव्ह रॉजर्स यांचा जबडा प्रतिस्पर्ध्याच्या हाताच्या फटक्याने मोडला. ते न्यायालयात गेले. १९९३ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने केवळ फटका मारणाऱ्यालाच नव्हे, तर त्याचा मालक म्हणून कँटरबरी क्लबलाही भरपाईस जबाबदार धरले. पुढे जॅरॉड मॅकक्रॅकन यांची कारकीर्द २००० साली हवेत उचलून आपटण्याच्या अशाच एका पकडीने संपली. २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय झाला आणि त्यातही मेलबर्न क्लब प्रतिवादी होता. दोन्ही प्रकरणांत न्यायालयाने नोकर आणि मालक हे साधे नाते ओळखले. परंतु दावा लावायचा, वर्षानुवर्षे तो चालवायचा आणि अपराध सिद्ध करायचा, हे प्रत्येक जखमी खेळाडूला कसे परवडावे? गिरणीकामगाराला १८९७ पूर्वी नेमके हेच करावे लागत असे.

आणि आता या साऱ्या इतिहासातील सर्वांत विचित्र गोष्ट. न्यू साउथ वेल्सच्या १९९८ च्या कायद्याने सरावात किंवा सामन्यात भाग घेणाऱ्या खेळाडूला कामगार नुकसानभरपाईच्या व्याख्येतूनच वगळले. इतर राज्यांतही थोड्याफार फरकाने हीच स्थिती. मैदानावर गवत कापणारा माळी यंत्रात बोट गेले तर कामगार ठरतो. त्याच गवतावर मान मोडून घेणारा, करारबद्ध, पगारी खेळाडू ठरत नाही. अ‍ॅलेक बर्डनच्या बुडालेल्या मजुरीसाठी जन्मलेला खेळ ज्या राज्यात रुजला त्याच राज्याचा हा कायदा! ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने खेळांतील मेंदूच्या आघातांची चौकशी केली, तिच्या सप्टेंबर २०२३ च्या अहवालात व्यावसायिक खेळाडूंना वगळण्याची ही तरतूद दूर कशी करता येईल याचा शोध राज्यांनी घ्यावा, अशी शिफारस आहे. भरपाईची विमापद्धत लागू झाली तर हप्ता क्लबाला भरावा लागेल. ज्या क्लबाच्या सरावातून आणि सामन्यांतून जास्त माणसे जायबंदी होतील त्याचा हप्ता वाढेल. कारखान्यांत यंत्रांभोवती कठडे उभे राहिले ते बव्हंशी असेच; मालकांना पाझर फुटला म्हणून नव्हे.

लीगने स्वतःहून काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला तपासणीसाठी बाहेर नेण्याची सोय २०१४ पासून आहे. क्लबाच्या वैद्यावर विसंबून न राहता दूरचित्रावर सामना पाहणारा स्वतंत्र डॉक्टर नेमला गेला. मार्च २०२३ पासून मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूला अकरा दिवसांची सक्तीची विश्रांती मिळते. हे सारे स्तुत्य आहे. परंतु हे सारे आघात झाल्यानंतरचे आहे.

आघातापूर्वीच्या हिशेबात हात घालणे लीगला जमत नाही, असेही नाही. एप्रिल २०१० मध्ये मेलबर्न स्टॉर्मने खेळाडूंच्या एकूण वेतनावरील मर्यादा ओलांडून दुहेरी हिशेब ठेवल्याचे उघडकीस आले, तेव्हा त्या क्लबची २००७ आणि २००९ ची दोन अजिंक्यपदे काढून घेण्यात आली, मोठा दंड झाला आणि त्या हंगामाचे सारे गुण रद्द झाले. वर्षभर तो संघ गुणांच्या आशेविना खेळला. त्या चोपड्या काही खेळाडूंनी लिहिल्या नव्हत्या. संस्थेच्या गैरवर्तनाची शिक्षा संस्थेला झाली. चार वर्षांनी मॅकिननची मान मोडली तेव्हा त्याच क्लबच्या खात्यातून एक गुणही वजा झाला नाही. त्या पकडीमागे क्लबचा हेतू होता, असे कोणी म्हणत नाही आणि म्हणू नये. तथापि वेतनाची मर्यादा मोडली तर अजिंक्यपद जाते आणि माणूस मोडला तर केवळ एका पोरसवद्या खेळाडूची रजा मांडली जाते, ही दोन वजने एकाच तराजूतील नव्हेत.

त्या वेतनमर्यादेचाच उपयोग करता येण्यासारखा आहे. बेकायदेशीर पकडीमुळे एखादा खेळाडू जितके सामने बाहेर राहील, तितक्या काळाचे त्याचे वेतन पकड करणाऱ्याच्या क्लबच्या मर्यादेत धरावे. ग्रॅपल असो, हिप ड्रॉप असो वा उद्या निघणारी आणखी एखादी पकड, तिला वेगळे नाव देऊन वेगळा नियम करण्याची गरज उरणार नाही. तिचा भार आपोआप क्लबच्या अंदाजपत्रकावर येईल आणि कुस्तीच्या प्रशिक्षकाला काय शिकवायचे नाही, हे क्लबचा खजिनदारच सांगेल. सौम्य अपराधाचा हजार डॉलरांचा दंड मग ठेवला काय आणि काढला काय, सारखेच. श्रीमंत क्लब तोही भार सोसतील, असा आक्षेप येईल; पण मर्यादा सर्वांना सारखी असल्यामुळे तेथे श्रीमंतीचा उपयोग नाही. पंचांवर याचा असह्य ताण पडेल, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. मात्र हा निर्णय मैदानावर क्षणार्धात घ्यायचा नसून सामन्यानंतर चित्रफीत आणि वैद्यकीय अहवाल समोर ठेवून न्यायमंडळाने घ्यायचा आहे. ते न्यायमंडळ आजही दर आठवड्याला बसते. त्याच्यासमोर येणारा आरोपी मात्र एकटा खेळाडूच असतो.